चिठ्ठीविना दोन ड्रम

रायपुरात भनपुरीच्या आमच्या कारखान्यात मला सगळे दीदी म्हणत, फाटकावरच्या चौकीदारापासून सेठजींपर्यंत. ताई म्हणणारा एकच होता, चारुदत्त. तो माझा धाकटा भाऊ आणि कारखान्याचा चीफ केमिस्ट. मी स्टोअर सांभाळत होते. एकोणीस वर्षं तीच खिडकी, तेच टेबल.

त्या खिडकीतून माणसं ओळखायची माझी एक रीत होती. माणूस माल मागायची चिठ्ठी कशी देतो ते बघायचं. टेबलावर चिठ्ठी भिरकावणारा घरीही ताट सरकवूनच देत असणार. 'अंदाजे दोन किलो' लिहिणारा स्वतःच्या लग्नातही अंदाजे वेळेला पोचला असणार. चारुदत्ताच्या हाताखालची केमिस्ट मीनल चिठ्ठी देताना अक्षरं माझ्याकडे वळवून द्यायची, मला उलटं वाचावं लागू नये म्हणून. तशी एकच पोरगी मी पाहिली. चारुदत्त चिठ्ठी देत नसे, पाठवत असे.

आणि चिठ्ठीविना माझ्या स्टोअरमधून काही निघत नसे. एकदा खुद्द सेठजींना हातमोज्यांची जोडी हवी होती. मी म्हटलं, परची दीजिए. त्यांनी लिहून दिली. मालकाकडून चिठ्ठी घेणारी बाई म्हणून माझं नाव झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

कारखाना काय करायचा ते मीनलने मला जसं सांगितलं तसंच सांगते. रिफायनरीत वापरून संपलेलं कॅटॅलिस्ट आमच्याकडे पोत्यांनी येई. ते आम्लात विरघळवलं की हिरवं पाणी होई. त्यात निकेल आणि कोबाल्ट एकमेकांत मिसळलेले. मग त्या पाण्यात तेल घुसळायचं. तेल म्हणजे केरोसीन, आणि त्यात कोबाल्टला धरणारं औषध. औषध कोबाल्टला धरतं आणि निकेलला सोडून देतं. घुसळणं थांबवलं की तेल वर येतं, पाणी खाली बसतं. कोबाल्ट धरलेलं तेल निळंशार दिसतं, काचेतून बघत राहावं असं.

अडचण एकच होती. औषधाला कामाला लावायचं तर आधी कॉस्टिक सोडा पाजावा लागे, आणि कॉस्टिक प्यालं की ते रुसून बसे. तेल आणि पाणी यांच्यामध्ये तिसराच एक थर धरायचा, बादलीतल्या साबणाच्या साक्यासारखा. ना तेलाचा, ना पाण्याचा. पहिल्या वर्षी त्या थराने आमचे पंप तुंबवले होते. त्यावर उतारा निघाला आयसोडेकेनॉलचा. ते एक अल्कोहोलच, पण पिण्यातलं नव्हे. तेलात पाच टक्के घातलं की तिसरा थर नाहीसा. ड्रम हलवणाऱ्या तुळशीरामने पहिल्याच दिवशी बूच काढून नाक लावलं होतं. "ये का दारू आय दीदी," तो मला म्हणाला, "पिये बिना मूड़ पिरावत हे." न पिताच डोकं दुखायला लागलं म्हणून दोन दिवस डोक्याला गमछा बांधून फिरत होता.

"एवढी गुणाची गोष्ट आहे तर पाचच टक्के काहून?" मी मीनलला विचारलं होतं. "दहा घाला, पंधरा घाला."

"नाही ना दीदी." गोंदियाच्या रेल्वेतल्या माणसाची पोरगी ती, बोलणं असं सरळ रुळावरचं. "ते मधलं माणूस आहे. थोडं असलं की दोघांचं जमवून देते. जास्त झालं की औषध त्याच्याच गळ्यात पडून राहते आणि कोबाल्ट धरतच नाही. दिसायले लय भारी दिसते हो. थर असे खटकन वेगळे होऊन जाते. पण माल खाली पाण्यातच राहून जाते ना."

"म्हणजे आमच्या चारुदत्तासारखं," मी म्हणाले.

ती वहीत तोंड खुपसून हसली. साहेबावर उघड हसणं तिला परवडणार नव्हतं, ती अजून कायम झाली नव्हती. डिसेंबरात होणार होती. पण बोलले ते खोटं नव्हतं. चारुदत्त मध्ये बसला की सेठजी आणि युनियनवाले दहा मिनिटांत समाधानाने आपापल्या वाटेला लागत. कुणाच्या हाती काय राहिलं ते पगाराच्या दिवशी कळे.

पाच टक्क्यांचा आकडा मीनलचाच. साडेतीन महिने बाटल्या हलवून तिने तो काढला होता. टाकीत चार हजार लिटर तेल, त्यात दोनशे लिटर आयसोडेकेनॉल, म्हणजे नेमका एक ड्रम. आणि चिठ्ठीवर केमिस्ट म्हणून सही करायचा अधिकारही तिचाच. सेठजींनी तसा कागदच काढला होता.

या चिठ्ठ्यांची एक खोड होती. पुस्तकात पन्नास चिठ्ठ्या, प्रत्येकीवर छापील नंबर. केमिस्टने नवं पुस्तक आलं की दहा-वीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही करून ठेवायची, म्हणजे ती घरी असताना कुणाचं अडू नये. मजकूर मग कुणीही भरी. नवीन असताना मीनल माझ्याकडे आली होती. "दीदी, कोऱ्या कागदावर सही करू का? माहे बाबा तर म्हणते, रेल्वेत असं करणारा घरी बसते."

"ही काय रेल्वे आहे का?" मी म्हटलं होतं. "पुस्तक चारुदत्ताच्या ड्रॉवरमध्ये राहते. घरचाच माणूस आहे. दे करून."

तिने दिल्या करून.

नवीन राज्याला त्या नोव्हेंबरात एक वर्ष झालं. रायपुरात जिकडेतिकडे नव्या पाट्या लागल्या होत्या, जुन्या इमारतींवर नवीन खाती बसली होती, आणि साहेबलोकांना दाखवण्यासारखे कारखाने हवे होते. आमच्या सेठजींना दुसऱ्या, मोठ्या प्लांटसाठी सरकारकडून जागा हवी होती. पाच तारखेला, सोमवारी, साहेब बघायला येणार असं ठरलं. जागा मिळाली तर नव्या प्लांटचा मॅनेजर चारुदत्त, हेही ठरल्यासारखंच होतं.

शुक्रवारी, दोन तारखेला, जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः खिडकीशी आला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"ताई, आयसोडेकेनॉलचे दोन ड्रम काढून दे."

"चिठ्ठी?"

"देतो ना मागून."

"दोन ड्रम म्हणजे चारशे लिटर होते, चारू. तिचे पाच टक्के तर भरले आहेत टाकीत."

"तू कधीपासून केमिस्ट झाली?" तो हसला. "सोमवारी साहेबासमोर थर लवकर सुटले पाहिजे. तीन-तीन मिनिटं कोण उभं राहते? मीनलले मी सांगतो."

"चिठ्ठी लिही मग. दोन ओळी तर आहेत."

"ताई." त्याने खिडकीच्या लोखंडी पट्टीवर हनुवटी टेकवली. लहानपणी ओट्यावर टेकवायचा तशी. "तुह्यासमोर उभा राहून मागून राहिलो. आता तुले माही पण चिठ्ठी पाहिजे का?"

तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला नागपूरला केमिकल शिकायला पाठवलं तेव्हा मी दोन ठिकाणी टायपिंग करत होते, आणि माझं लग्न तेवढ्यात राहून गेलं. त्याला या कारखान्यात घ्या म्हणून सेठजींकडे शब्दही मीच टाकला. असल्या गोष्टी मोजायच्या नसतात म्हणतात. मी मोजल्या नव्हत्या, पण विसरलेही नव्हते.

मी तुळशीरामला हाक मारली. दोन ड्रम गडगडत गेले. संध्याकाळी रोजच्यासारखं रजिस्टरात लिहिलं: आयसोडेकेनॉल, दोन ड्रम बाहेर. चिठ्ठीच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं, 'यायची आहे'. त्या रजिस्टरात पेन्सिल पहिल्यांदाच लागली.

सोमवारी साहेब आले. चारुदत्ताने त्यांना टाकीच्या काचेसमोर उभं केलं, घुसळणं थांबवलं आणि म्हणाला, "सर, आप घड़ी देखिए." पस्तीस सेकंदांत वर तेल, खाली पाणी, मधली रेघ सुरीने ओढल्यासारखी. साहेबांनी मान डोलवली. त्यांच्याबरोबरच्या तिघांनीही डोलवली, थोडी जास्तच. मी मागे हाराचं तबक घेऊन उभी होते. माझ्या शेजारी मीनल उभी होती आणि तिचा चेहरा काही मान डोलवण्यासारखा नव्हता.

"दीदी, तेल निळं कुठे आहे?" ती हळू म्हणाली.

खरंच नव्हतं. दहादा धुतलेल्या निळ्या साडीसारखं फिकट होतं. पण ते किती निळं असायला हवं हे साहेबांना कुठे ठाऊक होतं?

साहेब गेल्यावर तिने चारुदत्ताला गाठलं. "दादा, तेल माल उचलून नाही राहिलं. मी सॅम्पल लावू का?"

"उजेडाचा फरक आहे," तो म्हणाला. "तू रिपोर्ट टाइप कर. मी बघतो."

दोन ड्रम गेलेत हे मला ठाऊक होतं. पण मीनलले मी सांगतो, असं तो म्हणाला होता. तेवढ्यावर मी गप्प बसले.

नऊ तारखेला लॅबचं चिठ्ठ्यांचं पुस्तक संपलं. चारुदत्त नवं घेऊन गेला. दहाला तो परत खिडकीशी. "घे तुही चिठ्ठी. पाठ लावली होती ना." मी रजिस्टरातली पेन्सिल खोडली, चिठ्ठीचा नंबर उतरवला आणि चिठ्ठी फाइलला टोचली. नंबर बघून लिहिला, चिठ्ठी वाचली नाही. एकोणीस वर्षांत न वाचता टोचलेला तो एकच कागद.

तेराला फॅक्स आला. आदल्या आठवड्यात पाठवलेलं निकेल गिऱ्हाइकाने परत केलं होतं. त्यात कोबाल्ट चौपट. तेलाने न उचललेला कोबाल्ट खालच्या पाण्यातून थेट निकेलमध्ये गेला होता, आणि एकदा तेलात मिसळलेलं अल्कोहोल काही गाळून काढता येत नाही. चार हजार लिटर तेल बिघडलं. सेठजी म्हणाले, दिवाळी होऊ द्या, सतरा तारखेला बसू.

सोळाला भाऊबीज. चारुदत्त दरवर्षीसारखा बूढ़ापाऱ्यात माझ्या दोन खोल्यांत आला. पाटावर बसला, मी ओवाळलं. त्याने तबकात साडी ठेवली. जांभळी, रेशमी काठाची, नेहमीपेक्षा भारी. त्याच्या बायकोची, रूपालीची निवड नव्हती ती. तिने निवडलेली साडी मला दरवर्षी थोडी आखूड पडते.

"ताई, उद्या सेठजी चिठ्ठ्या काढायले लावतीन," तो कपाळावरचा कुंकवाचा ओघळ पुसत म्हणाला. "तू फक्त फाइल दे समोर. बोलू नको काही."

"कोणती चिठ्ठी?"

"तीच. दोन ड्रमची. मीनलच्या सहीची."

निरांजन अजून माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं. "मीनलची काहून? ड्रम तर तू मागितले."

"तिची सही आहे ना पण. तिचा अधिकार, तिचा डोस. ती लहान आहे ताई, तिले दुसरी नोकरी भेटून जाईन. माहं वय पंचेचाळीस आहे. आता हातातून गेलं की गेलं."

"तिने कोऱ्या चिठ्ठीवर सही केली होती, चारू. तुह्या भरवशावर."

"माह्या?" त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे. "तिले सह्या करायले तूच लावल्या होत्या. घरचाच माणूस आहे म्हणून."

मग त्याने दोन अनारसे खाल्ले. चांगले झालेत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी आठ वाजताच स्टोअर उघडलं आणि ती चिठ्ठी वाचली. आयसोडेकेनॉल, चारशे लिटर. तारीख दोन नोव्हेंबर. खाली मीनलची सही, खरी. वर कोपऱ्यात छापील नंबर, २६१४. मी चिठ्ठ्यांची पुस्तकं कोणाला, कधी दिली त्याची वही काढली. वही आणि चिठ्ठी शेजारी ठेवून नंबर दोनदा ताडला. तुळशीराम दारात आला, माझं तोंड बघितलं आणि चहा ठेवून गेला.

सेठजींच्या खोलीत आम्ही तिघं. फाइल टेबलावर होती.

"दस्तखत आपका है?" सेठजींनी मीनलला विचारलं.

"माझाच आहे. पण हे मी लिहिलं नाही. मी कधीच दोन ड्रम—" ती थांबली, माझ्याकडे बघितलं, मग हिंदीत म्हणाली, "सर, मैंने कोरी परची पे साइन किया था. सब करते हैं."

"सब की नौकरी सब जानें," सेठजी म्हणाले.

चारुदत्त मऊ आवाजात बोलला. "सर, बच्ची है. गलती हो गई होगी. माफी लिखवाकर छोड़ दीजिए." नेहमीसारखा मधला माणूस. मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"सेठजी," मी म्हणाले, "चिठ्ठी दोन तारखेची नाही."

चारुदत्ताने माझ्याकडे बघितलं नाही. तो सेठजींकडेच वळला. "सर, एक बात कहनी पड़ रही है. ऑगस्ट में दीदी का मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ है. तब से नंबर उलटे-सीधे पढ़ती हैं. घर में भी हम देख रहे हैं. रजिस्टर में मिटाया हुआ भी है, आप देख लीजिए."

ऑपरेशनला त्यानेच मला स्कूटरवर नेलं होतं. समता कॉलोनीत, त्याच्या घरामागच्याच दवाखान्यात. आठ दिवस रूपालीने माझ्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि तो आरशासमोर दाढी करता करता मला पेपर वाचून दाखवायचा. सेठजींनी रजिस्टर ओढलं. पेन्सिल खोडल्याचा डाग तिथे होताच. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते कीव केल्यासारखं. त्या नजरेची मला सवय नव्हती.

"नंबर मी वाचत नाही, सेठजी," मी म्हणाले. "आप पढ़िए."

चिठ्ठी त्यांच्याकडे वळवून ठेवली. त्यांनी वाचलं, छब्बीस सौ चौदह. मग पुस्तकांची वही त्यांच्याकडे वळवून ठेवली. २६०१ ते २६५०, लॅब, तारीख नऊ नोव्हेंबर.

"नौ को जो किताब स्टोर से निकली, उसकी परची दो तारीख को कैसे लिखी गई?"

सेठजींनी बोट वहीवर सरकवलं. पुस्तक घेणाऱ्याची सही. तीही वाचायला मी लागत नव्हते. ती सही वळणदार होती, 'च' ला शेपूट काढलेली, मीच शिकवलेली.

"तो दो तारीख को ड्रम किस परची पर निकले?" त्यांनी विचारलं.

"किसी पर नहीं. मैंने बिना परची दिए."

"किसको?"

"चीफ केमिस्ट को."

"ताई," चारुदत्त म्हणाला. एवढंच. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पट्टीवर टेकवलेली ती हनुवटी दिसली असती.

सेठजींनी निकाल संध्याकाळी दिला. मीनलवरचा ठपका पुसला, डिसेंबरात ती कायम. मी महिनाअखेर स्टोअर सोडायचं. "नियम आपका ही था, दीदी," ते म्हणाले. चारुदत्ताला बोलणी बसली म्हणतात, दार लावून. मग जागेचा कागद आला. साहेबांना पस्तीस सेकंद लक्षात राहिले होते, आणि ते दाखवणारा माणूसही. नव्या प्लांटवर मॅनेजर म्हणून चारुदत्तच गेला. माणसांचा अंदाज मी चिठ्ठीवरून बांधायची. सेठजी माणसाच्या उपयोगावरून बांधत. त्यांचं कधी चुकलं नाही.

चौदा दिवस तो बोलला नाही. जांभळी साडी मी रूपालीकडे परत पाठवली, ती तिने ठेवून घेतली.

तीस तारखेला मी स्टोअर मीनलच्या हवाली करत होते. नवा माणूस येईपर्यंत तीच बघणार होती. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. तिने एक-एक कपाट उघडलं. हातमोजे स्वतः मोजले. ड्रममध्ये गज स्वतः बुडवून पातळी बघितली, माझ्या आकड्याशी ताडली, आणि मगच पुढे गेली. मी सांगितलेलं काहीही तिने तसंच घेतलं नाही. मी एकदा म्हटलं, "ते काल मी मोजलं आहे, मीनल." ती म्हणाली, "हव दीदी," आणि परत मोजलं.

तेवढ्यात खिडकीशी सावली आली. चारुदत्त होता, सोबत नव्या खात्याचे कुणी साहेब, जुना प्लांट बघायला आलेले. क्षणभर मला वाटलं तो हनुवटी टेकवेल.

"और ये स्टोर है, सर," तो म्हणाला. "ये हमारी पुरानी स्टोरवाली दीदी. आज रिटायर हो रही हैं."

साहेबांनी हात जोडले. मीही जोडले. ते पुढे गेले.

मीनलने हवालीचा कागद माझ्यासमोर धरला होता. मी सही केली. मग तिने तो स्वतःकडे वळवला आणि वरच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. शेवटपर्यंत वाचला. परत वर गेली. मी पेन हातात धरून उभी राहिले.

"आयसोडेकेनॉल किती लिहिलं आहे, दीदी?"

"तीन ड्रम."

ती उठली आणि मागे जाऊन ड्रम पुन्हा मोजून आली. मग सही केली.